मातीचा मावळा व मातीचा खलाशी

मराठी मुलाला इतिहास वाचतां येऊं लागण्याच्या पुष्कळ आधीं तो कालवतां येऊं लागतो. सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली, कीं अंगणाचा, गच्चीचा किंवा निदान जिन्याखालचा एक कोपरा मुलांच्या ताब्यांत जातो. दगडविटांची रास रचावी, तिच्यावर गोणपाट अंथरावें, त्याला चिखलाचा लेप द्यावा, तट, बुरूज व पायऱ्या कोराव्या, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावी, आणि चार दिवसांनीं हिरवे कोंभ वर आले म्हणजे गडावर रान माजलें असें समजावें. हा क्रम महाराष्ट्रांत कोणाला पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. किल्ला उभा राहिला म्हणजे मुलें वडिलांच्या मागें लागतात तीं चित्रांसाठीं.

किल्ल्यावर मांडावयाच्या ह्या लहानशा मूर्तींना आपल्याकडे चित्रें म्हणतात. सिंहासनावर बसलेले महाराज, दोहों बाजूंस भालदार-चोपदार, ढालतरवार घेतलेले मावळे, घोडेस्वार, तोफ आणि तिच्यामागें उभा असलेला गोलंदाज. पायथ्याच्या गांवासाठीं गवळण, शेतकरी, वासुदेव. आणि गुहेंत बसविण्याला एक वाघ. दिवाळी संपली, कीं किल्ला पावसापाण्यानें विरून जातो; चित्रें मात्र कापसांत गुंडाळून माळ्यावर जातात, व पुढल्या वर्षीं त्यांत दोनचारांची भर पडते. दोन पिढ्यांचा असा संग्रह जपलेलीं घरें अजून आढळतात.

परंतु मला आज लिहावयाचें आहे तें विकत मिळणाऱ्या चित्रांविषयीं नाहीं. विकत आणल्यानंतर मुलें, आणि मुलांचें निमित्त करून मोठीं माणसें, त्या चित्रांचें जें कांहीं करतात त्याविषयीं लिहावयाचें आहे. एकाची तरवार मोडून त्याच्या हातांत झाडूच्या काडीचा भाला द्यावयाचा, दुसऱ्याचें पागोटें निराळ्या रंगानें रंगवावयाचें, तिसऱ्याला चिंधीचा शेला पांघरावयाचा, आणि साच्यांतून निघालेल्या शंभर सारख्या मावळ्यांतून आपला एक तानाजी व एक बाजीप्रभु निवडून काढावयाचा. ही खटपट पोरकट दिसते. तरी तिच्यांत इतिहासाशीं एक नातें जडतें, आणि तें नातें कसें असावें हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं.

साचा आणि हात यांचा हा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. धाराशिव जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, ह्या गांवीं सातवाहनकाळांतल्या पांढऱ्या मातीच्या लहान लहान मूर्ति सांपडल्या. त्यांतल्या पुष्कळशा दोन भागांच्या साच्यांतून काढलेल्या व आंतून पोकळ आहेत. पुढचा भाग एका साच्याचा, पाठ दुसऱ्या साच्याची. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर गोळा केलेल्या अशा वस्तूंचें संग्रहालय त्याच गांवीं आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींहि एका मुखवट्याचीं अनेक माणसें घडविण्याची विद्या ह्या भूमींत होती, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें.

साच्यानें किंवा कारागिरानें दिलेली वस्तु घरीं आली, कीं तिच्यावर घरचा हात फिरतो. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचीं खेळणीं पिढ्यान्‌पिढ्या रंगविलीं. आजीच्या पिढींतल्या मुली खेळत ती लाकडाची ठकीहि अशीच. तिचे हातपाय अंगाला चिकटलेले आणि चेहरा ठरलेला. पण तिला नेसविण्याचें लुगडें शिंप्याकडच्या कोणत्या कपट्याचें, आणि तिच्या लग्नांत मुंडावळ्या कसल्या, हें सर्वस्वीं तिच्या धनिणीच्या हातीं. नागपुराकडे तान्ह्या पोळ्याला मुलें लाकडी बैल मिरवितात. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आली असें सांगतात. बैल बाजारांतून आणलेला असतो. पण बक्षिस मिळतें तें सजावटीला. विकत घेतलेल्या वस्तूंत स्वतःचें कांहीं घातल्याशिवाय ती आपली होत नाहीं, हें आपल्या लोकांना चांगलें ठाऊक होतें.

पाश्चात्य देशांत ह्याच गोष्टीचें रीतसर शास्त्र बनलें. जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें अठराव्या शतकांत कथलाचे चपटे शिपाई ओतले जाऊं लागले. १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानें शिशाचे पोकळ शिपाई काढले. धातु कमी लागल्यामुळें ते स्वस्त झाले व मध्यम वर्गाच्या घरोघर शिरले. एच्. जी. वेल्स ह्या प्रसिद्ध कादंबरीकारानें तर १९१३ सालीं अशा शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारें 'लिटल वॉर्स' नांवाचें पुस्तकच लिहिलें. पुढें तेथील प्रौढ संग्राहक कारखान्याच्या शिपायाचें मुंडकें कापून दुसऱ्या धडावर बसवूं लागले, मेण व लांबी लावून गणवेष बदलूं लागले, आणि बाजारांत न मिळणारी पलटण स्वतःच्या टेबलावर उभी करूं लागले. कारखाना जें खपेल तें काढतो. ज्याला त्याहून निराळें कांहीं पाहिजे, त्याला चाकू व रंग हातीं घ्यावे लागतात.

हें शेवटचें वाक्य मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. तें मला माझ्या गांवीं, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीं कळलें, आणि तें कळतांना थोडें रडूंहि आलें. म्हणून तो प्रसंग येथें सांगतों.

माझें गांव नागांव. अलिबागेहून रेवदंड्याकडे जाणारी वाट आक्षी ओलांडून आमच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांतून चौलाकडे जाते. अष्टागरांतल्या ह्या पट्टींत डोंगर पूर्वेला दूर दिसतो, समुद्र मात्र रात्रीं अंथरुणांत पडल्यापडल्या ऐकूं येतो. आम्हां मुलांनीं दिवाळींत किल्ला करावयाचा तो मात्र नेहमीं डोंगरी. रायगड, प्रतापगड, नाहीं तर सिंहगड. एके वर्षीं चुलतभावाच्या मनांत आलें, कीं आपण कुलाबा करूं. अंगणांत खड्डा खणून जुनें मेणकापड अंथरलें, पाणी भरलें आणि मधोमध तट उठविला. जोडीला सर्जेकोटाचा लहानसा ठिपका व दोहोंना जोडणारा दगडी बांध. आणि मग अडचण उभी राहिली. बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटींत आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचीं चाळीसएक चित्रें होतीं. त्यांत एकहि खलाशी नव्हता. अलिबागेच्या बाजारांत पाहिलें, तेथेंहि नव्हता. ज्या बाजाराच्या पश्चिमेला आंगऱ्यांचा जलदुर्ग उभा आहे, त्या बाजारांत सह्याद्रीचे मावळे ढिगांनीं होते, आणि दर्याचा माणूस एक नव्हता.

आतां मागें वळून पाहतां ही उणीव केवढी होती तें ध्यानांत येतें. १६७९ सालीं थळसमोरच्या खांदेरी बेटावर तट उठूं लागला तेव्हां मुंबईच्या इंग्रजांच्या जहाजांना चुकवून तेथें सामान पोंचविणारे मायनाक भंडारी व दौलतखान हे महाराजांचेच दर्यासारंग. कुलाब्याचें काम शिवाजी महाराजांनीं अखेरच्या काळांत हातीं घेतलें व संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. पुढें सरखेल कान्होजी आंगऱ्यांनीं ह्याच किनाऱ्यावरून समुद्रावर हुकमत चालविली. त्यांच्या आरमारांत दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा असत. त्यांची नाळ लांब व खालीं झुकलेली, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबतें त्याहून लहान व चपळ. त्यांना चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला म्हणजे गलबतें वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढून नेत, आणि शिडांवरच विसंबलेलें परकी जहाज जागींच तटून राहिलें, कीं त्याच्या पिछाडीवर तोफा डागीत. हा सारा पराक्रम वल्हीं मारणाऱ्या मनगटांचा आहे. त्या मनगटांची मूर्ति मात्र साच्यांत नव्हती.

आमच्या मदतीला आले आक्षीकडचे एक म्हातारे तांडेल. आजोबांकडे ते अधूनमधून सुपारीला व गप्पांना येत. आमची अडचण ऐकून ते म्हणाले, "अरे पोरांनो, बाजारांत नसेल तर तुमच्या हातांत आहे कीं!" नारळाची वाळलेली पोय त्यांनीं उचलली. ती मुळांतच होडीच्या आकाराची. तिच्यांत बांबूची डोलकाठी रोंवली, जुन्या धोतराचें शीड चढविलें, आणि झांपांतले हीर काढून वल्हीं केलीं. मग त्यांनीं पेटींतला एक मावळा हातांत घेतला व विचारलें, "ह्याला वल्ह्यावर बसवायचा, तर ह्याची ढाल कोणता हात धरणार?"

ढाल काढणें भाग होतें. चित्रें कच्च्या मातीचीं असल्यामुळें ओल्या फडक्यानें माती मऊ पडे. आम्हीं ढाली खरवडल्या, तरवारी मोडल्या, गुडघे ओल्या मातीनें वाढवून मावळे बसते केले, पायघोळ अंगरखा कापून कंबरेला आंखूड वस्त्र केलें, आणि पागोट्याच्या जागीं तांबडें फडकें गुंडाळल्यासारखी कड वळविली. बारा मावळ्यांचे बारा खलाशी झाले. तेराव्याला तांडेलांनीं स्वतः सुकाणूंवर बसविलें, आणि त्याचें तोंड किंचित् वर वळविलें. "सुकाणूंवरचा माणूस शीड पाहतो, पाणी नाहीं," असें ते म्हणाले. पुढें मीं आरमाराविषयीं कितीतरी वाचलें. हें वाक्य मला कोठें आढळलें नाहीं.

त्या वर्षीं गांवोगांवचे किल्ले पाहून बक्षिसें देण्यासाठीं एक परीक्षक हिंडत होते. ते आमच्या अंगणांत आले. पाण्याभोंवतीं एक फेरी मारून त्यांनीं विचारलें, "महाराजांचें सिंहासन कोठें आहे?" आम्हीं म्हटलें, "हा कुलाबा आहे; येथें सिंहासन नव्हतें." त्यांनीं पोयीकडे बोट दाखविलें. "आणि हे मावळे असे विद्रूप कां केले?" आमच्यापैकीं कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. बक्षिस दुसऱ्या आळींतल्या रायगडाला मिळालें. मी संध्याकाळीं पेटी घेऊन बसलों आणि खलाशांच्या हातांना पुन्हां ढाली चिकटवूं लागलों.

आजोबांनीं तें पाहिलें. ते रागावले नाहींत. दुसऱ्या दिवशीं ओहोटीची वेळ पाहून मला अलिबागेला घेऊन गेले. पाणी मागें सरलें होतें. ओल्या वाळूंतून व खडकांतून आम्ही चालतच किल्ल्यांत गेलों. चुना न घालतां नुसते एकावर एक बसविलेले तटाचे प्रचंड दगड त्यांनीं मला हात लावून पाहण्यास सांगितलें. रघूजी आंगऱ्यांनीं १७५९ सालीं बांधलेल्या सिद्धिविनायकाचें दर्शन घेतलें, खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेलें गोडें पाणी प्यालों. मग तटावर बसून त्यांनीं १७२१ च्या डिसेंबरची हकीकत सांगितली: मुंबईचे इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन ह्या किल्ल्यावर कसे चालून आले, मोर्चा कसा फसला, बाजीराव मदतीला कसे धांवले, आणि अखेर पोर्तुगिजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह कसा केला. कान्होजी १७२९ सालीं वारले. त्यांची समाधि अलिबागेंतच आहे. परत येतांना आजोबा एवढेंच म्हणाले, "बाळ, तुझे खलाशी बरोबर होते. त्यांच्या हातांत ढाली देऊं नकोस."

येथें ही गोष्ट संपती, तर ती माझ्या मोठेपणाची गोष्ट झाली असती. परंतु तिचा उत्तरार्ध अधिक शिकविणारा आहे. त्याच भेटींत उत्तरेकडच्या तटावर मीं चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन मोठ्या लोखंडी तोफा पाहिल्या व त्यांच्यावर लुब्ध झालों. पुढल्या दिवाळींत पुन्हां कुलाबा केला, आणि शिवणाच्या रिकाम्या रिळांचीं चाकें लावून अगदीं तशा दोन तोफा तटावर ठेवल्या. खालीं पाटी लिहिली, 'सरखेलांचा कुलाबा, सन १७२१'. त्या वर्षीं आम्हांला पहिलें बक्षिस मिळालें. परीक्षकांनीं तोफांची विशेष तारीफ केली.

पुष्कळ वर्षांनीं, अध्यापक झाल्यावर, मी विद्यार्थ्यांना घेऊन किल्ला पाहण्यास गेलों, तेव्हां त्या तोफांवरचीं अक्षरें प्रथमच नीट वाचलीं. त्यांवर डॉसन, हार्डी व फील्ड हीं नांवें आणि यॉर्कशायरांतील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचें नांव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ सालीं. म्हणजे कान्होजी वारल्यानंतर बासष्ट वर्षांनीं जो कारखाना जन्मला, त्याच्या तोफा मीं कान्होजींच्या तटावर चढविल्या होत्या. जे खलाशी खरे होते त्यांना विद्रूप म्हटलें गेलें, आणि ज्या तोफा खोट्या होत्या त्यांना बक्षिस मिळालें. पहिल्या निकालाचा मला त्या वेळीं राग आला होता. दुसऱ्याची लाज आजहि वाटते, कारण तींत चूक परीक्षकांची जेवढी तेवढीच माझी होती. मला ती वस्तु आवडली, एवढ्यावरून ती त्या काळाची आहे असें मीं धरून चाललों.

मोठ्या माणसांचा खेळहि ह्यांतून सुटलेला नाहीं. वॉटर्लूची लढाई १८१५ सालीं झाली. तिची प्रतिकृति करण्याचें काम १८३० सालीं विल्यम सिबोर्न ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे आलें. तो रणभूमीवर आठ महिने राहिला, जमिनीचा चढउतार मोजला, आणि लढाईंत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रें पाठवून संध्याकाळीं सातच्या सुमारास कोण कोठें होतें तें विचारलें. सुमारें ७५ हजार चिमुकले शिपाई मांडलेली ती प्रतिकृति १८३८ सालीं लंडनांत लोकांसमोर आली. पण तिच्यांत प्रशियाची फौज ठळकपणें दिसत होती, आणि विजयाचें श्रेय वाटलें जावें हें वेलिंग्टनच्या पक्षाला रुचणारें नव्हतें. अखेर सिबोर्ननें प्रशियन शिपाई मोठ्या संख्येनें उचलून घेतले. बोटाच्या पेराएवढ्या शिपायांनीं एका साम्राज्याच्या अग्रगण्य सेनापतीला अस्वस्थ करावें, ह्यावरून खेळण्यांतल्या इतिहासाची किंमत कळते. ती प्रतिकृति लंडनच्या राष्ट्रीय सैन्य-संग्रहालयांत आहे, आणि शिपाई कोठें मांडावा हा वाद अभ्यासकांत अजून चालतो.

आतां आपल्या अंगणाकडे परत येऊं. माझ्या लहानपणापेक्षां आज साधनें कितीतरी वाढलीं आहेत. मातीच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिसचीं चित्रें आलीं; सबंध किल्लाच तयार मिळतो, तो नेऊन कोपऱ्यांत ठेवला कीं झालें. दुसऱ्या बाजूला, हौशी तरुण खऱ्या गडांवर जाऊन मोजमाप घेतात व प्रमाणबद्ध किल्ले उभारतात. कोणी संगणकावर आकृति रेखून यंत्राकडून हव्या त्या बेताची मूर्ति थरावर थर चढवून घेतात आणि भिंगाखालीं धरून रंगवितात. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. म्हणजे दर्याचें महत्त्व जगानें मानलें. आपल्या चित्रांच्या पेटींत तें कितपत मानलें गेलें आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या माळ्यावर चढून पाहावें.

तयार किल्ल्याला माझा विरोध नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत चिखल कोठें कालवावा, हा प्रश्न खरा आहे. मला भीति वाटते ती निराळी आहे. जें आयतें मिळतें तेंच होतें, आणि जें मिळत नाहीं तें नव्हतेंच, अशी समजूत मुलाच्या मनांत नकळत घर करते. साच्याला वगळलेल्यांची आठवण नसते. वल्हेकरी, पखालजी, पाथरवट, गडावर दळण दळणाऱ्या बायका, होड्या सांधणारे सुतार, ह्यांच्यावांचून एकहि किल्ला एक दिवस टिकला नसता. त्यांना परत आणण्याचा मार्ग ज्याच्या हातीं चित्र आहे त्याच्याच हातीं आहे. तेवढ्यासाठीं एक मावळा मोडावा लागला तर खुशाल मोडावा.

मात्र मोडणाऱ्या हातानेंहि एक पथ्य पाळलें पाहिजे. आपण घातलेली भर कोणत्या आधारावर घातली, हें स्वतःला विचारावें. तांडेलांनीं खलाशाचें तोंड वर वळविलें, त्याला पन्नास वर्षांच्या सुकाणूंचा आधार होता. माझ्या रिळांच्या चाकांना हौसेखेरीज कसलाच आधार नव्हता. हौस ही इतिहासाची आई खरी. पण लेकराला सांभाळावयाचें तर आईनें डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

ती पत्र्याची पेटी अजून आमच्या नागांवच्या घरीं आहे. गेल्या दिवाळींत माझ्या नातीनें ती उघडली. तेरांपैकीं सात खलाशी उरले आहेत. एका जोडीच्या हातांना मीं त्या संध्याकाळीं चिकटविलेल्या ढालींचे डाग अजून दिसतात. रिळांच्या तोफाहि तळाशीं सांपडल्या. त्या टाकून द्याव्या असें माझ्या मनांत आलें होतें. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर नातीनें त्या उचलल्या, किल्ल्यापासून चार हात दूर तुळशीवृंदावनापाशीं नेऊन ठेवल्या, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलें, 'ह्या नंतर आल्या'. मग ती एक नवा मावळा घेऊन माझ्याजवळ आली व म्हणाली, "आजोबा, ह्याची ढाल कशी काढायची तें दाखवा ना."